प्रकल्प नोंदी: पडवी, जाळी आणि एक कुत्री

शिरोडा, ता. वेंगुर्ला

मी वायरिंगची आणि किरकोळ फॅब्रिकेशनची कामं घेतो. प्रत्येक साइटची एक वही असते, तारीख घालून लिहितो. घरच्या कामांची वही नसते म्हणून ती होत नाहीत, असं बायकोचं म्हणणं. तेव्हा ही वही.

७ जुलै २०२४, रविवार

काम: निवाऱ्यातून कुत्रं आणणे. मागणी लेकीची, गेली दोन वर्षं. लेक सहावीत.

दोन वर्षं लागली, कारण मोत्या. पावसाळ्यातली रात्र होती. मोत्या पडवीत साखळीला होता, पडवी उघडी. सकाळी साखळी होती, पट्टा तुटलेला होता आणि खळ्यातल्या (अंगणातल्या) चिखलात ओढल्याची रेघ गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) गेली होती. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. साखळी मी घातली होती.

आज विषय काढला तेव्हा आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मोत्याक वाघान न्हेल्यान तेव्हा खय होतंस?" उत्तर नव्हतं. मग थोड्या वेळाने आपणच अट सांगितली: "हाडा काय ती. पण कुत्री उंबऱ्याच्या आत येवची नाय."

म्हणजे मंजुरी मिळाली, असं मी धरलं.

घरातली प्रलंबित कामं याच वहीत लिहून ठेवतो. पंपाचा स्टार्टर बदलणे. पडवी जाळीने बंद करणे. मागच्या दाराला उंबरठा बसवणे (जुना वाळवीने खाल्ला, मीच काढून टाकला, फणसाचं लाकूड मांगरात आणून ठेवलंय, आई आठवड्यातून एकदा आठवण करते).

१४ जुलै, रविवार

आरोंदा-किरणपाणी पुलावरून गोव्यात गेलो. पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखा. तेरेखोल नदी तांबडी, भरून चाललेली.

लेकीला पिल्लू हवं होतं. पिल्लं होतीही, पावसाळ्यात असतातच, एका खोक्यात सात. पण तिथल्या ताईंनी आधी मोठ्या कुत्र्यांकडे नेलं. मी विचारलं, एवढी कुत्री इथे कशी, नसबंदी करून सोडतात ना? त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. रस्त्यावरचं कुत्रं नसबंदी आणि रेबीजची लस झाली की जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही तेच आहे. कानाला खाच मारतात ती त्याचीच खूण. इथे उरतात ती सोडता न येणारी: आंधळी, मोडलेली, म्हातारी, आणि माणसांनी आणून टाकलेली.

शेवटच्या पिंजऱ्यात ती होती. अंगावर काळे-तपकिरी पट्टे, पाचएक वर्षांची, वजन सोळा किलो. बाकीची जाळीवर उड्या मारत होती. ही भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि फक्त एक कान आमच्याकडे वळवलेला. कुणीतरी रात्री गेटला बांधून निघून गेलं होतं. गळ्यात चांगला चामड्याचा पट्टा होता, म्हणजे घरातलीच.

पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आमच्या बीचवर तेवढ्यात शहाळंही मिळत नाही.

लेक पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली ती अर्धा तास. पिल्लांचा विषय परत निघाला नाही.

फॉर्म चार पानी. घर स्वतःचं का, घरात कोण कोण, गावाला गेलात तर कोण बघणार, आधीचं कुत्रं कशाने गेलं. या शेवटच्या प्रश्नाला मी खरं लिहिलं. "रात्री कुठे झोपणार?" तिथे "पडवीत" लिहिलं. ताईंनी दोन्ही उत्तरांखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "दादा, आधी पडवी दाखवा. मग बोलू."

खरं सांगायचं तर राग आला. कुत्रं न्यायला आलो होतो, बँकेचं कर्ज मागायला नव्हे.

२१ जुलै, रविवार

पडवी बंद. एमएस अँगलची चौकट, वेल्डेड जाळी, फाटक. दोन दिवस लाइट येत-जात होती, वेल्डिंग तुकड्या-तुकड्याने केलं. माझ्या मते गिऱ्हाइकाला दाखवावं असं काम.

संध्याकाळी ताईंना व्हिडिओ कॉल. फोन घेऊन पडवीभर फिरलो. त्या गप्प बघत होत्या. मग म्हणाल्या, "फाटकाच्या खाली जरा कॅमेरा न्या. तिथे किती जागा आहे?" मोजली. नऊ इंच. खळ्याला पाण्यासाठी उतार दिलाय, त्यामुळे एका बाजूला फाटक अधांतरी राहिलं होतं. मी गेली वीस वर्षं लोकांची फाटकं बसवतोय आणि मोत्याच्या वाटेवरची फट मला दिसली नाही.

रात्रीच खाली चिऱ्याची एक ओळ टाकली.

२८ जुलै, रविवार

आणली. व्हॅनमध्ये मागे केबलची बंडलं होती, त्यांच्यामध्ये अंग चोरून बसली. निवाऱ्यात नाव कॉफी ठेवलं होतं, त्या नावाला ढिम्म हलत नाही.

घरी आल्यावर उतरेना. मी हात घालून ओढायला गेलो आणि दात लागले. चूक माझी. रक्त आलं नाही, मनगटावर खरचटलं. नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. तिला लस झालेली आहे, कार्ड माझ्या खिशात होतं, तरी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर म्हणाले, घेऊन टाका, यात हिशेब करू नये. कातडीतली लस: आज, मग ३१ जुलै, ४ आणि २५ ऑगस्ट. रक्त आलं असतं तर जखमेत द्यायचं सीरमही लागलं असतं.

परत आलो तेव्हा ती व्हॅनमधून उतरून पडवीतल्या बाजेखाली गेली होती. कुणी उतरवली? कुणीच नाही म्हणे. लेकीने दार उघडं टाकलं आणि सगळे आत निघून आले, एवढंच.

निवाऱ्यातला ठोकताळा भिंतीवर लिहून लावला: तीन दिवस बावरणं, तीन आठवडे घर ओळखणं, तीन महिने घर आपलं वाटणं. टप्पे आहेत म्हणजे वेळापत्रक करता येईल. ३१ जुलै, १८ ऑगस्ट, २८ ऑक्टोबर.

३१ जुलै, बुधवार

पहिला टप्पा. बाजेखालीच आहे. विकतचे दाणे तसेच, मुंग्या लागल्या. आईने लांबून बघून शेरा मारला: "सुक्या दाण्यांनी काय प्वाट भरता?" दुपारी बाजेजवळ करवंटीत उकड्या तांदळाची पेज दिसली. संध्याकाळी करवंटी पुसल्यासारखी स्वच्छ. कुणी ठेवली, विचारलं नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार

श्रावणी सोमवार. आमच्या घरात श्रावणात मासे शिजत नाहीत, फोडणीचा वासही नाही. संध्याकाळी घरी आलो तर आगरात तीन दगडांवर जुना टोप आणि त्यात बांगड्यांची डोकी उकळतायत. आई झावळीच्या सावलीत पाटावर बसून काठीने विस्तव सारत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "घरात नाय, आगरात शिजवतंय. तिका खयचो श्रावण?"

काटे काढून, पेजेत कालवून, मीठ न घालता. कांदा-लसूण कुत्र्याला घालू नये, शिजवलेलं हाड देऊ नये, हे मी फॉर्मबरोबरच्या कागदावरून वाचून दाखवलं. आई म्हणाली, मोत्याला बारा वर्षं काय कागद वाचून वाढवला? कांदा मात्र त्या दिवसापासून घातलेला नाही.

जेवण तयार झालं की आई चमच्याने टोप वाजवते. टण, टण, टण. तीनदा. ती बाजेखालून येते, खाते, परत जाते.

१८ ऑगस्ट, रविवार

दुसरा टप्पा. शेपटी पोटाखालून निघून सरळ झाली आहे, अजून वर नाही. लेकीच्या दप्तराचा पट्टा आणि माझी उजवी चप्पल खाल्ली. आई म्हणे, आरवलीच्या वेतोबाच्या पायापाशी लोकांनी वाहिलेल्या एवढाल्या चपला आहेत, तिथे नेऊ नका हिला.

८ सप्टेंबर, रविवार

गणपती. घरात मुंबईची एकोणीस माणसं. फाटकाला कुलूप आणि किल्ली माझ्या गळ्यात. दुसरी नोंद करायला वेळ नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

गौरी-गणपती बारा तारखेला गेले. त्या गडबडीत तिच्याकडे नीट बघणं झालं नाही, हे मान्य. सोमवारपासून पेज शिवली नाही. काल बायकोने ओठ उचलून हिरडी बघितली: गुलाबी असते ती पांढुरकी. आज सकाळी नाकातून रक्ताचा एक थेंब पडला, पडवीच्या लादीवर, चवलीएवढा.

सावंतवाडीला नेली. डॉक्टरांनी कान उलटून दाखवला. आतल्या घडीत गोचीड, मिरीच्या दाण्यासारखे, आणि बोटांच्या बेचक्यात बारीक तिळाएवढे. रक्त तपासलं: प्लेटलेट ४६ हजार. कुत्र्याच्या दोन लाखांच्या वर असाव्या लागतात. गोचीडताप. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, चुकवायचं नाही, आणि रिकाम्या पोटी द्यायचं नाही.

आईला एकच भीती, माकडतापाची. २०१६ पासून दोडामार्गात त्याने माणसं दगावली आहेत, आणि तोही गोचिडीचाच. डॉक्टरांना फोन लावून दिला. ते म्हणाले, आजी, ती जंगलातली गोचीड वेगळी, ही घरातली वेगळी.

"घरातली" म्हणजे? मी विचारलं. त्यावर त्यांनी जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. ही तपकिरी गोचीड कुत्र्याचं रक्त पिते आणि गळून पडते. मग भिंतीवर चढते, फटीत शिरते, तिथे कात टाकते, तिथेच अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी. कुत्र्याला कितीही औषध लावा, भिंत तशीच राहिली तर महिन्याभरात पुन्हा तेच.

२२ सप्टेंबर, रविवार

रात्री बॅटरी घेऊन पडवीची भिंत बघितली. चिऱ्याची आहे, आजोबांनी बांधलेली, गिलावा नाही. लोक फोटो काढतात तिचे. दरजांमधली माती गळून बोटभर खाचा झाल्या आहेत. एका खाचेत स्क्रूड्रायव्हर फिरवला तर सात निघाले. एक टम्म फुगलेली, राखाडी, हळूहळू पाय हलवणारी. बाजेच्या नवारीतही होते.

आज काम: दरजा खरवडून मोकळ्या करणे, डॉक्टरांनी दिलेलं फवारणं (कुत्री दिवसभर शेजाऱ्यांच्या मांगरात), वाळल्यावर सिमेंट-वाळूने दरजा भरणे. छातीच्या उंचीपर्यंत पुरेल म्हटलं होतं, पण गोचीड वर चढते हे आता ठाऊक होतं, म्हणून वाशापर्यंत. नवार जाळली. दोन गोणी सिमेंट गेलं. तिला तीन महिन्यांची गोळी, वजनाप्रमाणे.

भिंतीची शोभा गेली. काकांनी येऊन "अरेरे" केलं. काकांकडे कुत्रं नाही.

गोळी गुळात देता येत नाही, थुंकते. आईने तारलीच्या पोटात घालून दिली. श्रावण संपला हे बरं.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कोर्स काल संपला. प्लेटलेट २ लाख १० हजार. हिरडी गुलाबी. शेपटी वर.

२८ ऑक्टोबर, सोमवार

तिसरा टप्पा पूर्ण. तीन महिने. खळ्यात लोळते, पोस्टमनवर भुंकते, लेक शाळेतून यायच्या वेळी फाटकाशी. उंबऱ्यापाशी येऊन थांबते, आत पाऊल नाही. आईची अट तिने कुणी न शिकवता पाळली आहे. वहीत "काम पूर्ण" लिहून खाली सही केली.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरकचतुर्दशी

वरची सही खोडली.

काल रात्री वाडीवाडीतून नरकासुर निघाले. ढोल, ट्रॅक्टरवर स्पीकर. ते मी धरूनच होतो, म्हणून तिला पडवीत ठेवून जाळीवर गोधड्या टांगल्या होत्या. बाराच्या सुमारास कुणीतरी रस्त्यावर माळ लावली आणि पाठोपाठ सुतळी बॉम्ब. ती जाळीवर चढली. चढली म्हणजे अक्षरशः, नखं अडकवत. वरच्या वाशात आणि चौकटीत वीतभर जागा मी हवेसाठी ठेवली होती. खालून येणाऱ्याचा विचार केला होता, वरून जाणाऱ्याचा नाही.

मी, बायको, लेक, शेजारची दोन पोरं. सुरूच्या बनात गेलो, वेळागरला वाळूवर गेलो, बाजारात एसटी स्टँडवर. "कॉफी, कॉफी." त्या नावाला ती कधी आली होती म्हणून आज येईल? पण हाक मारायला दुसरं काही नव्हतंच. बनात बॅटरीच्या उजेडात दोन डोळे चमकले, लेक धावली, मांजर निघालं. तिला घरी पाठवलं. वाघाचं नाव कुणी काढलं नाही.

तीन वाजता परतलो. मागच्या बाजूने आवाज येत होता. टण, टण, टण. थांबून पुन्हा. आई मागच्या पायरीवर बसली होती, डोक्यावरून शाल, मांडीवर टोप. टोप रिकामा. किती वेळ वाजवतेयस, विचारलं. "माका झोप नाय येयत होती," म्हणाली. गावात अजून फटाके चालू होते. ते थांबले की वाजवायचं, असं तिचं चाललं होतं.

साडेचारला आली. मिठागराच्या बाजूने. पोटापर्यंत काळा चिखल, पायांवरचा वाळून मिठाने पांढरा झालेला, एक नख उपटलेलं. गडग्याच्या खिंडीत उभी राहिली. कुणी हललं नाही. आईने टोप एकदाच वाजवला आणि म्हणाली, "बाये, ये गो."

पुढचं मी दारात उभा राहून बघितलं. अभ्यंगस्नानासाठी चुलवण पेटवलेलं होतं, त्यातलं पहिलं पाणी तिला गेलं. न्हाणीत आईने तिचे पाय एकेक करून धुतले, नखाला हळद लावली. मग आई स्वयंपाकघरात गेली, ती मागोमाग गेली, मांडणीखाली पोत्यावर आडवी झाली. मी आईकडे बघितलं.

"काय बघतंस? ह्या दाराक उंबरो खय आसा?"

मग माझं उटणं लावून झालं, गार पाण्याने. कारीट फोडायचं राहिलंच होतं, ते लेकीने आठवण केल्यावर पायाखाली फोडलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

वाशाखालची फट बंद केली, हवा जाईल अशी तिरपी पट्टी लावून. काम एक तासाचं, आधी करता आलं असतं.

निवाऱ्यातल्या ताईंचा फोन. पळाल्याचं सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं परत मागतील. त्यांनी विचारलं, आता दिवाळीत कुठे ठेवणार? स्वयंपाकघरात, म्हटलं. लिहून घेतलं.

बीचवर आता दोरीशिवाय नाही. ऑलिव्ह रिडले कासविणी याच महिन्यांत अंडी घालायला वर येतात, वायंगणीला त्यांची घरटी राखतात, आणि कोल्ह्याइतकंच कुत्रंही वाळू उकरून अंडी खातं. दुसरं कारण केंड, हा विषारी मासा. रापणीतून टाकलेला केंड फुगून वाळूत पडलेला असतो, कुत्र्याने खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. आज तिने एक हुंगला. दोरी ओढली.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवीन कॅलेंडर लावलं. आईने जुन्यावरच्या खुणा नव्यावर उतरवल्या: गॅस, पोस्टातलं व्याज, माझ्या भाचीचं लग्न. २२ मेच्या चौकोनात "बाये सुई". मार्चमध्ये एका चौकोनात नुसतं "गोळी".

दुपारी मोकळा होतो, म्हणून मांगरातून फणसाचं लाकूड काढलं. रंधा मारला, मागच्या चौकटीचं माप घेतलं, छिन्नी लावली. बाये चौकटीतच आडवी पडली होती, अर्धी आत अर्धी बाहेर, उठायला तयार नाही. आई मागून आली, बराच वेळ बघत उभी राहिली.

"आता रवांदे तो उंबरो."

अडीच वर्षं मागे लागली होती, मी म्हटलं.

"रवांदे म्हटलंय ना."

प्रलंबित कामांतून मागचा उंबरठा वगळला. लाकूड परत मांगरात. पंपाचा स्टार्टर राहिलाय.